न फुटलेलं काकण

भिलवडी स्टेशनापासून पलूसपर्यंतच्या गावांत बाईमाणसानं निर्धास्तपणे आपला हात ज्याच्या हातात द्यावा असे दोनच पुरुष होते. एक तिचा नवरा आणि दुसरा वजीर मणेर. त्यातही नवऱ्याची खात्री कुणी देत नसे.

वजीर काकणं भरायचा. बाप तेच करायचा, आजाही तेच करायचा. खांद्यावर रंगीत काकणांच्या माळा, डोक्यावर काळ्या गोंड्याची लाल टोपी, आणि दाढीला मेंदी. तो गल्लीत शिरायच्या आधी त्याच्या माळांचा आवाज शिरायचा आणि घराघरांतल्या चुली आपोआप मंदावायच्या. ज्या सोप्यावर परक्या पुरुषाची सावली पडू देत नसत, तिथं वजीर घोंगड्यावर मांडी ठोकून बसायचा आणि पाटलिणीचा हात असा ओढून घ्यायचा की जणू बाजारात भेंडी निवडतोय.

हात मात्र देवानं त्याला खरेच दिले होते. तळवा मऊ, अंगठा कणखर. बाईचा पंजा तो विड्याच्या पानासारखा दुमडायचा, अंगठ्याखालची गादी आत सारायचा, आणि काकण सांध्यांवरून घसरत मनगटावर जाऊन बसायचं. तेवढ्या वेळात तिचं लक्ष दुसरीकडे पाहिजे, म्हणून सुनेला तो सासूचं विचारायचा आणि सासूला सुनेचं. विषय निघाला की बाईला हात आपला आहे की शेजारणीचा, याचं भान उरत नसे. पाच-सहा तक्रारींत एक हात भरून व्हायचा. सासू फारच वाईट असेल तर दोन्ही.

त्याच्या दोन गोष्टींचा गवगवा होता. एक म्हणजे त्यानं भरलेलं काकण मनगटाला बिलगून बसायचं. ढिलं काकण म्हणजे मणेराची नाचक्की, असं तो मानायचा. बाईनं माप सांगितलं की हा त्याहून एक माप लहान काढायचा. आणि दुसरी गोष्ट, त्याच्या हातून काकण फुटत नसे. फुटत नसे असं म्हणायचीसुद्धा चोरीच होती. सवाष्णीचं काकण फुटलं असं कुणी बोलत नाही, ते अशुभ. काकण ‘वाढलं’ म्हणायचं. तर वजीरच्या हातून काकण वाढत नसे. लढाईत परदेशी काकणं यायची थांबली, तेव्हापासून तर तो काचेला अंड्यासारखा जपायला लागला होता.

लढाई संपली आणि नाथाजीचा लेक लालासाहेब पलटणीतून घरी येणार अशी खबर आली. नाथाजी म्हणजे नदीकाठच्या मळईत ऊस असलेला, गरज पडेल तेवढंच बोलणारा शेतकरी. त्याची बायको रंगूबाई साठीच्या घरात आलेली. ही रंगूबाई एके काळी चांगली ताडमाड. लग्नात नवरा बुटका दिसायला लागला म्हणून नाथाजीला पाटावर उभं केलं होतं, हे शेजारची हरणाबाई अजून दर लग्नात सांगायची. पण मधल्या काही वर्षांत काय झालं कोण जाणे, आता नाथाजीला बायकोच्या डोक्यावरून पलीकडचा गोठा दिसायचा. “नाथाजी म्हातारपणी वाढाय लागलाय,” अशी चावडीवर चेष्टा होती. रंगूबाईची तक्रार वेगळीच. सूप अडकवायची खुंटी तिच्या हाताला येईना. “खुंटी कुणी वर ठोकली?” म्हणून तिनं सगळ्या घराला फैलावर घेतलं. नाथाजीनं शपथ घेतली, सुनेनं शपथ घेतली. खुंटी बिचारी जिथल्या तिथं होती.

लेकाला ओवाळायचं ते नव्या हिरव्या काकणांनीच, असं रंगूबाईनं ठरवलं आणि वजीरला बोलावणं गेलं.

आधी सून विजयमाला भरून उठली. मग रंगूबाईनं उजवा हात पुढं केला. उंबऱ्यावर हरणाबाई पंच म्हणून बसलेलीच होती.

“वैनी, माप?”

“माझं माप तुला ठावं न्हाई व्हय? जलम गेला तुझ्या हातात हात देऊन.”

“आरं देवा,” हरणाबाई म्हणाली, “नाथाजीदादानं ऐकलं म्हंजी!”

“त्येलाबी ठावं हाय,” रंगूबाई म्हणाली. “त्येच्या हातात काय दिलं तरी त्यो इसरून ठेवतो.”

सगळ्या हसल्या. वजीरनं नेहमीप्रमाणे एक माप लहान काढलं. हात वाळला होता, सांधे मात्र तसेच होते. त्यानं पंजा दुमडला. “वैनी, लालासाब आता केवढा झाला असंल वो?” असं विचारलं, आणि रंगूबाई लालासाहेबाच्या उंचीवर आली तशी अंगठा दाबला.

कट्.

“वाढलं,” वजीर सवयीनं म्हणाला आणि घोंगड्याकडे बघितलं. काच कुठंच नव्हती. काकण मनगटावर अख्खं होतं. त्याला एकदम बरं वाटलं. वाचलं म्हणायचं!

मग त्याच्या मनात आलं, काकण नव्हे, तर मग काय?

त्यानं मान वर केली. रंगूबाई वरच्या तुळईकडे बघत होती आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळात वजीरला कळलं. पण तेवढ्यातच हरणाबाई बोलली.

“काय वो वजीरभाई? वाढलं का काय तुमच्या हातनं?”

“वजीरच्या हातनं वाढत न्हाई, हरणावैनी,” वजीर म्हणाला, आणि ते खरं आहे हे दाखवायला त्यानं त्याच हातावर दुसरं काकण चढवलं.

रंगूबाई ओरडली नाही. काकणं भरताना रडू नये, असं तिच्या आईनं सांगितलं होतं आणि आई गेली तरी सांगणं राहिलं होतं. ती फक्त म्हणाली, “बास, वजीरभाई. हाताला मुंग्या आल्यात. डावा हात पुना बघू.”

दिवस कलेपर्यंत मनगट वांग्यासारखं सुजलं. काकणं निघेनात. शेवटी विजयमालानं ती दगडानं वाढवली. ज्या काचेसाठी एवढं झालं ती अखेर दगडाखाली गेली.

हाडवैद्य आप्पासोला बोलावलं. आप्पासो जुना पैलवान. माणसाचं, बैलाचं, कुणाचंही हाड तो सारख्याच मायेनं आणि सारख्याच जोरानं बसवायचा, आणि अर्धं गाव त्याच्यामुळंच धड चालत होतं. त्यानं मनगट चाचपलं.

“मोडलंय. आन् कशानं? अंगठ्यानं! मणेराचा अंगठा हाय हा. कुस्तीत असा अंगठा घालाय बंदी हाय.”

त्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला, तेल दिलं, आणि जाता जाता त्याची नजर रंगूबाईच्या पाठीवर गेली.

“वैनी, कंबर बी वाकलीया की तुमची. लालासाब यायच्या आदी सरळ करून देतो. पालथं निजायचं, म्या पाठीवर पाय देतो, एकच दणका. पैलवानांच्या कंबरा अशाच मोकळ्या केल्यात.”

रंगूबाईला हात मोडल्याचं दुःख त्या जागी विसरायला झालं. लेकासमोर ताठ उभं राहायला मिळणार! तिनं लगेच दिवस ठरवला. हात सुजल्याचं कळून आलेला वजीर तिथंच बसला होता आणि त्यानंही हे ऐकलं. पण त्याच्या डोक्यात ‘मणेराचा अंगठा’ एवढंच घुमत होतं. आप्पासोच्या पायाचं काही त्याला त्या वेळी वाटलं नाही.

नाथाजीनं एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं कोनाड्यातली वजीरची ती ठरलेली कपबशी काढली आणि गुळाचा चहा पुढं सरकवला. “घे गड्या. तू का मुद्दाम केलंस?” वजीरनं तो चहा असा प्याला की जणू एरंडेल आहे.

दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या गल्लीत गेला. पहिल्या घरात पाहुणे यायचे होते. दुसऱ्या घरात बाईच्या अंगात कणकण होती. तिसऱ्या घरात एक नवी सून त्याला बघून दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी राहिली आणि गोड हसली. वजीरला ते हसू फार लागलं. शिव्या खाल्लेला माणूस उलट बोलू शकतो. हसणाऱ्या पोरीला काय बोलणार? आपल्या हातांवरचा भरवसा उठला, की मणेराकडं राहतं काय? नुसती काच. ती आरशावालाही विकतो.

त्याच दिवशी त्यानं मनाशी ठरवलं, दुसरा वैद्य बघायचा. सांगलीला हाडांचे फोटो काढणारे डॉक्टर होते. ते आतलं बघून सांगतील की हाडच कच्चं होतं, अंगठ्याचा दोष नाही. घरी बायकोला त्यानं सांगितलं, “रंगूवैनीच्या हाताची काळजी वाटती.”

अख्तरबी काकणं मापवार ओवत बसली होती. ती वर न बघताच घरच्या बोलीत म्हणाली, “जाव की सांगलीकु. पन सच्ची बोलो, उनके हात के वास्ते जाते, क्या अपने नाव के वास्ते?”

वजीरनं टोपी घातली आणि तो बाहेर पडला. काही प्रश्नांना टोपी घालणं एवढंच उत्तर असतं.

“आप्पासोचा हात चांगला हाय,” तो नाथाजीला म्हणाला, “पर दुसऱ्या जाणत्यानं एकदा बघितलेलं बरं, दादा. फोटूत आतलं दिसतं.”

“तू म्हंतोस तर जाऊ,” नाथाजी म्हणाला. एवढंच. आपल्यावर अजून कुणाचा तरी भरवसा आहे, याचा वजीरला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. निघताना त्यानं बंडीच्या खिशात त्याच तऱ्हेचं, पण एक माप मोठं, असं एक हिरवं काकण टाकलं. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गाडीत रंगूबाई खिडकीशी बसली आणि समोरच्या बाईनं सगळ्या बायका विचारतात तेच विचारलं, “आवं, हाताला काय झालं?”

“पायरीवरनं पडले,” रंगूबाई म्हणाली.

वजीर तिच्याकडे बघत राहिला. नाथाजी बाहेरच्या ज्वारीकडे बघत राहिला. पुढच्या स्टेशनात एक भाजीवाली चढली. तिला कळलं की रंगूबाईला म्हशीनं ढकललं. तिच्यानंतर एका म्हाताऱ्याला सांगताना तर रेडकू विहिरीकडं पळालं आणि त्याला आडवायला गेले, इथपर्यंत गोष्ट गेली. मिरज आली असती तर रंगूबाई विहिरीत पडून परत आली असती, पण सांगलीसाठी माधवनगरलाच उतरायचं होतं. प्रत्येक वेळी ती वजीरकडे बघायची नाही, आणि प्रत्येक वेळी वजीरला हायसं वाटायचं. आणि हायसं वाटलं की लगेच जमिनीत तोंड लपवावंसं वाटायचं. एवढं सगळं एका वेळी वाटायची त्याला सवय नव्हती.

डॉक्टर उतारवयाचे, जाड चष्म्याचे आणि सावकाश बोलणारे होते. त्यांनी कामट्या सोडल्या, हात काचेवर ठेवून फोटो घेतला, आणि ओली फिल्म उजेडाकडे धरून विचारलं, “कशानं झालं?”

“पायरीवरनं पडले, डाक्टरसाब,” रंगूबाई म्हणाली.

“पाठीवर पडलात?”

“व्हय जी. आदळले चांगली.” लबाडी करायचीच तर मापात का करा, असा तिचा स्वभाव होता.

“पाठ दुखली?”

“न्हाई जी. वाईच बी न्हाई.”

“मनगट मोडलंय. पडल्यावर कुणाचंही मोडतं. मी नीट बसवून प्लास्टर घालतो.”

वजीरनं श्वास सोडला. पडून मोडलं! सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, फोटो बघून सांगितलं. ज्यासाठी तो आला होता ते वाक्य त्याला न मागता मिळालं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला कसलंच कसब लागत नाही.

तेवढ्यात नाथाजीनं गरज पडेल तेवढं बोलायचं ठरवलं.

“अन् कंबर? वाकलीया. आमचा हाडवैद्य म्हंतो, पाठीवर पाय देऊन सरळ करतो.”

डॉक्टर हात धुवत होते. “वयानं वाकते कंबर. पायरीवरून आदळूनसुद्धा पाठ धड राहिली, म्हणजे पाठ भक्कम आहे. थोडं दाबून-चोळून घेतलं तर बिघडत नाही.”

“बगा!” रंगूबाई नवऱ्याला म्हणाली. “आप्पासो काय येडा हाय व्हय?”

वजीरला त्या खोलीत एकदम आवाज आला. कट्. मनगटाचा नव्हे. पाठीचा. त्या पाठीवर आप्पासोचा पैलवानी पाय त्याला स्पष्ट दिसला, घोट्यापासून टाचेपर्यंत. कालपरवा तो बेत ठरला तेव्हा तो शेजारीच बसला होता आणि आपल्या अंगठ्याचा विचार करत होता. ते हाड कसं वाजलं आणि किती थोड्या दाबानं वाजलं, हे या खोलीत त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

“साहेब,” तो म्हणाला, “वैनी पडल्या न्हाईत.”

“वजीरभाई, गप,” रंगूबाई म्हणाली.

“पडल्या न्हाईत, साहेब. मी काकणं भरतो. माझ्या हातात हुत्या, घोंगड्यावर बसलेल्या. मी दाबलं अन् वाजलं. मला वाटलं, काकण वाढलं. खाली बघितलं तर काच न्हाई.” त्याला टोपी काढून हातात घ्यावीशी वाटली, आणि त्यानं ती घेतली. उघड्या डोक्यानं तो पार म्हातारा दिसायला लागला. “काच वाचली म्हणून मला बरं वाटलं, साहेब. मग कळलं काय मोडलं ते. कळलं, तरी दुसरं काकण घातलं. दारात एक बाई बसली हुती. तिनं हसू नये म्हणून.”

नाथाजीनं त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. दुसऱ्या काकणाचं त्याला माहीत नव्हतं.

डॉक्टर रागावले नाहीत. वजीरची तीही आशा फुकट गेली. ते चष्मा पुसून म्हणाले, “किती जोर लावला होता?”

“रोज लावतो तेवढाच.”

“माझ्या हातावर दाखवा.”

वजीरनं डॉक्टरांचा हात घेतला. हात हातात आल्यावर मात्र त्याचं त्यालाच भान राहिलं नाही. पंजा दुमडला, गादी आत सारली, खिशातलं काकण कधी बाहेर आलं ते कुणालाच दिसलं नाही. “साहेबांची सून कुठली वो?” असं तो सवयीनं विचारून गेला, आणि “मिरजेची” असं डॉक्टर सांगेपर्यंत हिरवं काकण त्यांच्या मनगटावर जाऊन बसलं होतं.

दारात उभा असलेला कंपाउंडर पडद्याला धरून मटकन खाली बसला. आपल्या डॉक्टरांच्या हातात कुणी कधी बांगडी भरेल, असं त्याच्या बापजन्मी मनात आलं नव्हतं.

“दुखलं का जी?” वजीर घाबरून म्हणाला.

“थोडं.” डॉक्टर काकण फिरवून बघत होते, पण ते फिरत नव्हतं. “एवढ्यानं माणसाचं हाड मोडत नाही, मणेर. एवढ्यानं मोडलं असेल तर हाडातच काही राहिलेलं नाही.” त्यांनी फिल्म परत उजेडाकडे धरली, या वेळी बराच वेळ. मग ते रंगूबाईकडे वळले. “बाई, तुमची उंची कमी झालीय का?”

“न्हाई जी. खुंटी वर गेलीया.”

“काय गेलीय?”

नाथाजीनं खुंटीची हकीगत सांगितली. मग जन्मात पहिल्यांदा, आपण होऊन, लग्नातल्या पाटाचीही सांगितली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी रंगूबाईला आडवं निजवून पाठीचे फोटो घेतले. ते होईपर्यंत बाहेर ओळीत बसलेल्या माणसांना ते मधेच येऊन तपासत होते, हातातल्या हिरव्या काकणासकट. एका मिशाळ पैलवानानं आपली नाडी धरणाऱ्या हाताकडे बघितलं आणि आजार न सांगताच तो निघून गेला.

पाठीच्या फोटोत मणक्यांची माळ दिसत होती. त्यात मधला एक मणका, वर ओझं ठेवलेल्या वेताच्या बुट्टीसारखा, बसका झालेला होता.

“उतारवयात काही बायकांची हाडं आतून पोकळ होत जातात,” डॉक्टर म्हणाले. “बाहेरून कळत नाही. उंची कमी होते, पाठ वाकते, आणि एक दिवस साध्या दाबानं काहीतरी मोडतं. तुम्ही पडल्याचं सांगितलंत आणि मी फसलो. ओझं उचलायचं नाही. वाकून पाणी शेंदायचं नाही. दूध, ऊन, रोज थोडं चालणं. या गोळ्या आणि हे माशाचं तेल. गेलेलं हाड पुरतं भरून येणार नाही, पण उरलेलं जपता येईल.”

“अन् पाठीवर पाय?” नाथाजीनं विचारलं.

“दिला असता,” डॉक्टर म्हणाले, “तर बाई परत उठल्या नसत्या.”

नाथाजीनं खुर्ची बायकोकडे सरकवली.

वजीरला एक विचारायचं होतं. त्यासाठीच तर तो गाव सोडून आला होता. पण ते विचारायचीच आता लाज वाटत होती. डॉक्टरांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तेच म्हणाले, “पहिल्या काकणाचा दोष तुमच्यावर नाही. ते हाड आज ना उद्या, भाकरी थापतानासुद्धा मोडलं असतं. दुसऱ्यानं मात्र मोडलेली टोकं सरकली. हात थोडा तिरपा राहील.”

“राहू द्या की,” रंगूबाई म्हणाली. “आदी कुठं मी शाळंत अक्षर गिरवत हुते?”

निघताना कंपाउंडरनं साबणाचं पाणी आणलं, पण काकण काही निघेना. शेवटी तो पितळी बत्ता घेऊन आला.

“आवं वाढवू नका!” रंगूबाई ओरडली. “हिरवं हाय, सवाष्णीच्या नावानं आणलेलं. वजीरभाई, काढ बघू तूच.”

वजीरनं डॉक्टरांचा हात परत घेतला आणि इतक्या हळू, इतक्या वेळानं ते काकण उतरवलं की कंपाउंडरचं पाणी गार झालं.

परतीच्या गाडीत रंगूबाई वजीरकडे वळून बसली. मग म्हणाली, “कशाला बोललास? मी सांगत हुते की पडले म्हणून.”

“तुमी खोटं बोलत हुता, वैनी,” वजीर म्हणाला, “अन् मला ते गोड लागत हुतं.”

समोरच्या बाईनं विचारलं, “आवं, हाताला काय झालं?”

“म्हातारपण,” रंगूबाई म्हणाली, आणि गोष्ट तिथंच संपली.

गावात मात्र तिनं निम्मीच गोष्ट सांगितली. सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाड पोकळ निघालं, वजीरभाईचा काडीचा दोष नाही, उलट त्यानं नेलं म्हणून पाठ वाचली. हरणाबाईनं ती निम्मी गोष्ट दुप्पट करून वाटली. आप्पासो दोन दिवस फुगून बसला. मग एका सांजेला वजीरला गाठून दबक्या आवाजात म्हणाला, “बुट्टीसारखा म्हंजी कसा रं? दाव की हातानं.” त्यानंतर त्यानं म्हाताऱ्या बायकांच्या पाठीवर पाय ठेवला नाही.

वजीर परत गल्लीत शिरला तर ती हसरी सून सगळ्यांच्या आधी हात पुढं करून बसली होती. तिच्यामागं सासू, जाऊ, हरणाबाई.

“बसा वजीरभाई. तुमच्यावर उगंच आळ आला वो,” सासू म्हणाली.

“पयल्याचा उगंच,” वजीर म्हणाला. “दुसऱ्याचा खरा.”

“कुठला दुसरा?”

त्यानं सांगितलं. हरणाबाईनं हसू नये म्हणून घातलेलं काकण, असंही सांगितलं. हरणाबाई क्षणभर ओशाळली. पण बायकांना काकणं हवी होती आणि सण तोंडावर आला होता. “जाऊ द्या वो, झालं-गेलं,” सासू म्हणाली आणि हात त्याच्या मांडीवर ठेवला. माफी एवढी स्वस्त मिळाली की तिचं काय करावं हे त्याला कळेना.

“मावशी,” त्यानं आधी विचारलं, “खुंटीवरचं सूप हाताला येतं न्हवं?”

पोरींना वाटलं, हा नवा विनोद आहे. त्या पुढं वर्षानुवर्षं त्या विनोदाला हसल्या. वजीर मात्र प्रत्येक वयस्क बाईला, हात धरायच्या आधी, ते विचारत राहिला. जी म्हणाली “न्हाई येत रं अलीकडं,” तिच्यासाठी तो दोन मापं मोठं काकण काढायचा आणि सांगायचा, “माशाच्या तेलाचं सांगलीच्या डाक्टरला इचारा.”

लालासाहेब आला तेव्हा रंगूबाईचा उजवा हात प्लास्टरात होता. भरल्या घरात सवाष्णीचा हात रिकामा कसा ठेवायचा, म्हणून वजीरनं डॉक्टरांच्या हातातून उतरवलेलं तेच काकण दोऱ्यानं प्लास्टरवर बांधून दिलं. डाव्या हातात मापापेक्षा मोठी, सैल काकणं चढवली. दाबली नाहीत, नुसती सोडली. जन्मात पहिल्यांदा त्यानं ढिलं काकण भरलं आणि ते सगळ्या गल्लीसमोर.

वाकलेल्या पाठीनंच रंगूबाईनं लेकाला ओवाळलं. उंचापुऱ्या लालासाहेबाला त्यासाठी पाटावर नव्हे, जमिनीवर गुडघे टेकून बसावं लागलं.

घट्ट काकण वाजत नाही. सैल काकण मात्र बाईनं हात हलवला की किणकिणतं. रंगूबाई ताक घुसळायला बसली की आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. लोकांना तो गोड वाटायचा. वजीर खांद्यावरच्या माळा एका हातानं दाबून धरायचा, त्यांचा आवाज होऊ नये म्हणून, आणि त्या दारावरून मान खाली घालून जायचा.

“वजीरभाई,” आतून हाक यायची, “च्या घेऊन जा की रं.”

आणि तो जायचा. कोनाड्यातली त्याची कपबशी नाथाजी अजून आपल्या हातानंच काढायचा.